आज वन-लाइन आली न्हाई

हिंगोली,
रविवार, दुपार

प्रिय बालाजीभाऊ,

तुम्हाला जाऊन चार महिने झाले आणि मी आज हे पत्र लिहायला बसलेय. इतके दिवस कुठं होतात, असं तुम्ही विचारणार नाही. तुम्ही कधीच काही विचारलं नाही, तीच तर माझी तक्रार आहे!

लिहायला बसण्याचं कारण सांगते. येत्या गुरुवारी इथल्या एका कॉलेजात माझं व्याख्यान आहे. विषय ऐका : 'नेतृत्व आणि व्यवस्थापन : मालिकालेखनातून शिकलेले धडे'. हसू नका. प्राचार्यांचा फोन आला होता. आपल्या हिंगोलीची मुलगी वीस वर्षं टीव्हीसाठी लिहिते, दहा-बारा जणांची टीम सांभाळते, तिनं मुलांना चार गोष्टी सांगाव्यात म्हणाले. मी फुशारून हो म्हटलं. काल इथं भावाच्या घरी मुद्दे काढायला बसले. पहिला मुद्दा झरकन लिहून झाला : 'अप्रिय गोष्ट ज्याची त्याला तोंडावर सांगावी.' त्यापुढं पेन सरकेना. कारण त्याच्या आदल्याच दिवशी मी शिरड शहापूरला तुमच्या घरी जाऊन आले होते.

तुमच्या घरी मी पहिल्यांदा गेले, तेही तुम्ही नसताना. तीन वर्षं तुम्ही बोलवत होता. "ताई, एकदा याच. हुरड्याला या." दरवर्षी मी म्हणायचे, पुढच्या वर्षी नक्की.

तुम्हाला मी आधी ऐकलं आणि मग पाहिलं. जवळा बाजारला मावशीकडे आले होते. बाजाराचा दिवस, हातात मेथीच्या जुड्या, आणि भोंग्यातून दोन जावांचं भांडण ऐकू आलं. थोरली म्हणत होती, "तुझ्या भावानं आणलेलं लुगडं दोन धुण्यांत इटलं!" धाकटी म्हणाली, "तुमच्या भावानं तर आणलंच न्हाई, ते इटंल कशाला?" माणसं वजनकाटा सोडून ऐकत उभी. मग कळलं, ही एका कापड दुकानाची जाहिरात आहे आणि रिक्षात बसून दोन्ही जावांचं एकच माणूस बोलतोय. मी रिक्षाच्या मागं मागं आले. तुम्ही माइक बंद करून पाणी पीत होता.

"हे कोण लिहून देतं तुम्हाला?" मी विचारलं.

"लिवून कशाला द्यायचं? घरोघरी चालूच हाय की."

तेव्हा मला मराठवाड्यातल्या एका घराची मालिका मिळाली होती, आणि माझ्या टीममध्ये त्या घरातलं बोलता येणारं एकही माणूस नव्हतं. मला तरी कुठं येत होतं! मी हिंगोलीची खरी, पण तहसीलमधल्या कारकुनाची मुलगी. आमच्या घरी 'न्हाई' म्हटलं की आई डोळे वटारायची. तुम्ही आलात आणि मालिकेतली माणसं पहिल्यांदा बोलायला लागली.

वन-लाइन म्हणजे काय, हे तुम्हाला समजावताना माझा अर्धा तास गेला होता, आठवतंय? उद्याच्या भागात कोणता प्रसंग कुठं घडणार, त्यात कोण असणार, भाग कशावर संपणार, हे सगळं एकेका ओळीत. "म्हंजे घर तुमी बांधणार, आन् आमी फकस्त आत बसून बोलणार," तुम्ही म्हणालात. बरोबर समजलं होतं तुम्हाला. रोज अकराच्या सुमारास माझी वन-लाइन जायची. तुम्ही वहीत संवाद लिहायचा, मग रेंजसाठी स्लॅबवर जाऊन सगळ्यांचे आवाज काढून मोबाइलमध्ये बोलायचा, आणि आमच्या ऑफिसात ते टाइप व्हायचं. एकदा तुम्ही सासूच्या आवाजात "निघ माझ्या घरातून" म्हणून असे काही ओरडलात, की वहिनी शेतातून येईपर्यंत दारात बायका जमल्या होत्या. त्यातली एक वहिनींना म्हणाली, "अगं, नांदवत न्हाई म्हनला व्हय तुला?" हा किस्सा मी किती ठिकाणी सांगितला असेल! प्रत्येक वेळी हशा.

किस्सा सांगताना तुमचं नाव सांगायचे. बाकीचं मात्र माझं म्हणून खपवलं, भाऊ. आज कबूल करते.

मालिकेत एक मोलकरीण होती, रुक्मिणी. वन-लाइनमध्ये मी तिला नुसतं 'उपस्थित' म्हणून टाकायचे. तुम्ही प्रत्येक वेळी तिला एक वाक्य द्यायचा. मी वैतागले. भाग लांबतोय म्हटलं. तुम्ही म्हणालात, "ताई, सकाळपासनं रंगवून उभी केली बाईला. एक तरी वाक्य द्या तिला. न्हाई तर बोलावलं कशाला?" आणि खरंच, त्या बाईनं पुढं सगळा सेट सांभाळला. एखाद्या दिवशी मोठी नटी आली नाही तर रुक्मिणीवर अख्खा प्रसंग निभवायचा. मी हे एका मुलाखतीत सांगितलं : 'माझ्या टीममध्ये प्रत्येकाला एक वाक्य असतंच.' टाळ्या पडल्या. तुम्ही ती मुलाखत बघून फोन केलात आणि म्हणालात, "लई झ्याक बोललात ताई." एवढंच. तो टोमणा होता का हो? असायला हवा होता!

आणि टीममधल्या त्या नव्या मुलीचं. तिनं आणलेल्या कथेची मी भर बैठकीत चेष्टा केली होती. सगळे हसले. तुम्ही व्हिडिओ कॉलवर खांद्यावर टॉवेल टाकून बसला होता, तुम्ही हसला नाहीत. बैठक संपल्यावर तुमचा फोन. "तिचं चुकलं, खरं हाय. पण चार लोकांत काहून बोललात? आता चांगलं सुचलं तरी ती बोलायची न्हाई." मी म्हटलं, भाऊ, तुम्ही संवाद बघा, टीम मी बघते. तुम्ही "व्हय" म्हणालात. ती मुलगी त्यानंतर वर्षभर बैठकीत नुसती मान हलवत बसली.

आता मुख्य गोष्टीवर येते. किती वेळ टाळू?

जानेवारीत वाहिनीच्या ऑफिसात बैठक होती. मालिकेचे आकडे उतरत होते. तिथले एक साहेब म्हणाले, भाषा जड वाटते, शहरातल्या प्रेक्षकाला कळत नाही, जरा बदल करून बघू. 'जरा बदल करून बघू' म्हणजे काय, ते त्या खोलीत सगळ्यांना कळलं. मला म्हणता आलं असतं की दोन आठवडे द्या, मी बालाजीभाऊंशी बोलते. म्हणता आलं असतं की आकडे कथेमुळे उतरलेत आणि कथा माझी आहे. खरं तेच होतं. मी समोरच्या पाण्याच्या बाटलीकडे बघत मान डोलावली.

आमच्या धंद्यात कुणाला काढत नाहीत. 'उद्यापासून नको' असं कुणी म्हणत नाही. फक्त वन-लाइन यायची थांबते. व्हॉट्सअ‍ॅपवर एक नवा ग्रुप निघतो, त्यात बाकी सगळे असतात, आणि जुना ग्रुप तसाच पडून राहतो. ज्याला समजायचं त्याला दोन-तीन दिवसांत समजतं. मी नवीन असताना मलाही असंच थांबवलं होतं. मी समजले, घरी जाऊन रडले आणि दुसरं काम शोधलं. म्हणून मला ही पद्धत सभ्य वाटायची. वाईट बोलणं नाही, रडारड नाही, कुणाचा अपमान नाही. आता कळतं, ही फक्त माझ्यासारखीच्या सोयीची पद्धत आहे.

सोमवारी वन-लाइन पुण्याच्या एका मुलीला गेली. दुपारी तुमचा मेसेज आला : 'ताई, आज वन-लाइन आली न्हाई. नेट गेलं व्हतं का?'

नेट गेलं होतं का! तुमच्या मनात दुसरं काही आलंच नाही. मी तो मेसेज सेटवर वाचला आणि तीन तास फोन उलटा ठेवला. मग लिहिलं : 'भाऊ, सध्या बँक भरलेली आहे. आराम करा. कळवते.'

बँक म्हणजे पुढच्या दिवसांसाठी आधीच चित्रित करून ठेवलेले भाग. बँक भरली की लेखकाला उसंत मिळते, हे मीच तुम्हाला शिकवलं होतं. त्या सोमवारी आपली बँक किती होती, सांगू? एका भागाचीही नव्हती. सकाळी चित्रित केलेलं आम्ही संध्याकाळी दाखवत होतो. सगळ्यांची दमछाक चालली होती, आणि मी तुम्हाला आराम करा म्हणत होते.

तुमचं उत्तर आलं : 'बरं झालं. हरभऱ्याला पाणी द्यायचं राहूनच गेलं व्हतं.' पुढं जोडलेले दोन हात.

फोन करणार होते, शपथेवर सांगते. पहिल्या दिवशी वेळ नव्हता. दुसऱ्या दिवशी धीर झाला नाही. आठवडा गेल्यावर तर काय तोंडानं करू, असं झालं. जुन्या ग्रुपवर तुम्ही रोज सकाळी फुलाचं चित्र आणि 'शुभ सकाळ' टाकायचा. आम्ही अकरा जण त्यात होतो. एकानंही उत्तर दिलं नाही. मला ते बघवेना, म्हणून मी त्या ग्रुपचा आवाज बंद करून टाकला.

म्हणून तुम्ही गेल्याचं मला दोन दिवसांनी कळलं. सहजच ग्रुप उघडला, तर तुमच्या नंबरवरून तुमच्या मुलीनं, कवितानं लिहिलेलं : 'पप्पा सकाळी शेतात जाता जाता गेले. दुपारी माती आहे.' त्याखाली काहीच नाही. तुमच्या पोरीनं आम्हा अकरा जणांना मातीला बोलावलं होतं, आणि आम्ही सगळे नव्या ग्रुपवर एका लग्नाच्या प्रसंगाचे कपडे ठरवत होतो.

मी नंतर कविताला चार ओळी पाठवल्या. 'खूप मोठी हानी', 'कुटुंबाच्या दुःखात सहभागी'. लिहिणारी बाई मी, आणि त्या ओळी कुठल्याही छापील पत्रिकेवर शोभल्या असत्या. आले मात्र नाही. शूटिंग आहे म्हटलं. शूटिंग होतंच, पण मला भीती वाटत होती.

परवा शुक्रवारी आले. वहिनींनी दारातच ओळखलं. "टीव्हीवाल्या मॅडम ना? या. हे किती वाट बगायचे तुमची." चहा झाला. मग त्यांनी फडताळातून दोन जाडजूड वह्या काढून माझ्या मांडीवर ठेवल्या.

"शेवटपस्तोर लिवून राहिले व्हते बगा. सात वाजता टीव्ही बगायचे आन् मग लिवायला बसायचे."

मी वही उघडली. त्या दिवशीचा भाग जिथं संपला, तिथून पुढचे संवाद तुम्ही लिहिले होते. वन-लाइन नाही, कुणी काही सांगितलेलं नाही, नुसत्या अंदाजानं. दुसऱ्या दिवशी टीव्हीवर वेगळंच घडायचं. तुम्ही पुन्हा तिथून पुढचं लिहायचा. शेवटच्या दिवसापर्यंत असंच. अक्षर कुठंही घाईचं नाही. रुक्मिणीला रोज एक वाक्य.

भाऊ, ते संवाद चांगले होते. आम्ही दाखवलं त्याहून कितीतरी चांगले.

वहिनी म्हणाल्या, "म्या एकदा इचारलं ह्यांना, हे लिवलेलं टीव्हीत दिसंना कसं? तर म्हणले, बँक भरली हाय. लिवलेलं लई महिन्यांनी दिसतंय. आता रिकामी झाली आसंल ना, मॅडम? कव्हा दाखवणार?"

माझंच खोटं, तुमच्या तोंडून वहिनींकडे गेलेलं, आणि आता माझ्यासमोर उभं. त्या पुढं सांगत होत्या, "मी रोज सात वाजता बसते. येक बी दिस चुकवत न्हाई. परवा सासूचं बोलणं ऐकलं तर मला वाटलं, हे ह्यांचंच हाय."

आणि मी काय म्हणाले असेन? "येईल वहिनी. थोडं थांबा."

दुसऱ्यांदा! एकदा तुम्हाला आणि एकदा त्यांना. तोंडावर सांगावं म्हणे.

कविता मला फाट्यापर्यंत सोडायला आली. लहान मुलांचे क्लास घेते ना ती, बोलणं नेमकं आहे पोरीचं. अर्ध्या वाटेत थांबली आणि म्हणाली, "मॅडम, पप्पाला ठावं व्हतं."

मी वळून तिच्याकडे बघितलं.

"भाग संपल्यावर नावं पळतात ना? आईला तेवढं भरभर वाचता येत न्हाई. आमाला येतंय. तिसऱ्या आठवड्यात पप्पाचं नाव गेलं. त्यांनी बघितलं, मीबी बघितलं. तर हळूच म्हणले, आईला बोलू नको."

"मग मला फोन का नाही केला त्यांनी? तू तरी?"

"मी म्हणलं की पप्पाला, लावा फोन, इचारा. तर म्हणले, न्हाई, ताईला बोलायला अवघड जाईल."

ती पुढं म्हणाली, "मॅडम, रोज सात वाजता आई मला शेजारी बसवती. म्हणती, नीट आईक, पप्पाचं आलं का सांग. मला आता तकलीफ होऊन राहिली. मी खरं सांगितलं तर म्हणल, पोरगी मेलेल्या बापाला खोटं पाडून राहिली. हे तुमीच सांगायला पायजे."

तेवढ्यात गाडी आली. मी उत्तर न देता चढले, भाऊ. खिडकीतून तिला हात केला, तिनं केला नाही.

आता मला तुमचा राग येतोय, आणि तो मी लिहिणार. काहून गप्प बसलात? ताईला अवघड जाईल म्हणे! जाऊ द्यायचं होतं अवघड! फोन करून चार शिव्या द्यायच्या होत्या. दोन जावांचं भांडण भोंग्यावर करणारा माणूस, त्याला स्वतःसाठी एक वाक्य भांडता येत नव्हतं? आणि नाव गेल्याचं बघूनही तुम्ही रोज सकाळी त्या मेलेल्या ग्रुपवर 'शुभ सकाळ' टाकत राहिलात. ते काय होतं? सवय होती? की रोज सकाळी मला बोलायची एक संधी देत होता? हे दुसरं असेल, तर मी ती संधी रोज वाया घालवली.

दोन दिवस एकच गोष्ट डोक्यात घोळतेय. मी तेव्हा फोन केला असता, 'भाऊ, तुमचं काम थांबवतेय' एवढं म्हटलं असतं, तर तुम्ही काय म्हणाला असता? लिहून बघतेय. रागाचं वाक्य लिहिलं, ते तुमचं वाटत नाही. समजूतदारपणाचं लिहिलं, ते माझ्या सोयीचं वाटतं. एक विनोदी लिहिलं आणि लगेच खोडलं. वीस वर्षं माणसांच्या तोंडी वाक्यं घालतेय, पण तुमचं ते एक वाक्य मला जमत नाही. तोंडावर सांगणं म्हणजे शिष्टाचार, असं मी समजत होते. समोरच्याला उत्तर देता यावं म्हणून ते सांगायचं असतं, हे मला कळायला तुम्हाला जावं लागलं.

काल एक पळवाटही सुचली होती. वहीतली आठ-दहा वाक्यं पुढच्या भागात घालायची, खाली तुमचं नाव द्यायचं. वहिनी खूश, कविता सुटली, मीही सुटले. वाहिनीला काही कळलंही नसतं. जवळजवळ फोन उचलला होता मी. मग लक्षात आलं, हे तर तिसरं खोटं, आणि सगळ्यात गोड. तुमची वाक्यं कधी आली तर ती वहिनींना सगळं माहीत झाल्यावर आणि त्या हो म्हणाल्यावरच येतील.

गुरुवारच्या व्याख्यानाचं काय करायचं, ते नंतर बघेन. तुमची गोष्ट तिथं सांगायची की नाही, हेही वहिनीच ठरवतील. त्या नको म्हणाल्या तर प्राचार्यांना कळवेन की या विषयावर बोलण्याइतकं मला येत नाही.

उद्या संध्याकाळी साडेसहाला मी तुमच्या घरी असेन. कविताला आत्ताच कळवलंय. टीव्ही लागायच्या आधी वहिनींसमोर बसेन आणि सगळं सांगेन : बैठकीत मान डोलावली ती मी, बँक भरली म्हटलं ती मी, आणि परवा 'थांबा' म्हणाले तीही मीच. तुम्ही त्यांच्यापासून लपवलंत हेही सांगावं लागेल, त्याबद्दल मला माफ करा. 'वाहिनीनं करायला लावलं' असं म्हणणार नाही. रडणारही नाही, नाहीतर त्याच मला पाणी देत बसतील.

मग वहिनी बोलतील. मला शिव्या देतील, घराबाहेर काढतील, तुमच्यावर चिडतील, की गप्प बसतील, मला खरंच माहीत नाही. किती का वेळ लागेना, मी मध्ये एक शब्द बोलणार नाही. तुम्हाला मी बोलू दिलं नाही, भाऊ. त्यांना बोलू देईन.

तुमची,
वैशाली